अलखचे देवक

प्रिय पुष्पास, अनेक आशीर्वाद.

मी, श्रीमंत आप्पासाहेब वराट, वाणिज्य शाखेचा पदवीधर, जामखेडच्या खरेदी-विक्री संघाचा व्यवस्थापक आणि नात्याने तुझा बाप, हे पत्र तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहीत आहे. घरच्या पत्रातही आरंभी नाव, हुद्दा आणि कारण लिहिण्याच्या माझ्या सवयीला तू हसतेस, हे मला ठाऊक आहे. हसून घे. प्रश्न असा: तुझ्या कथामालेचा नायक अलख, जो त्या कोरड्या ग्रहावर विहिरी खोदतो आणि विझलेले तारे पुन्हा पेटवणारा ध्रुवदीप घेऊन, एकेक तारा विझवत निघालेल्या सम्राटाशी झुंजतो, तो शेवटी सूर्यकुळाचा हरवलेला राजपुत्र निघावा की नाही? मासिकाच्या संपादकांना राजपुत्र हवा आहे. तू दोन्ही शेवट लिहून पाठवलेस, दिवाळी अंकात कोणता द्यावा ते मलाच ठरवायला सांगितलेस आणि खाली लिहिलेस, ‘नाना, तुम्ही सांगाल तो शेवट मला मान्य.’ माझे एकही म्हणणे वाद घातल्याशिवाय न स्वीकारणाऱ्या मुलीचे हे वाक्य वाचून मी चष्मा पुसला आणि ते पुन्हा वाचले.

अलखचा इकडे केवढा दरारा आहे, याची तुला कल्पना नसेल. मासिक आले की त्या संध्याकाळी गोदामाची मापे आटोपल्यावर मी पोत्यांच्या थप्पीला टेकून प्रकरण मोठ्याने वाचतो. आमचा हमाल सहादेव आणि धान्य पाखडणारी साळूबाई हे माझे कायमचे श्रोते. बाजारच्या दिवशी गर्दी वाढते. परवा मी राजपुत्राचा शेवट वाचला, तर सहादेवने मांडीवर थाप मारली. “म्या म्हनलं न्हवतं? राजाचंच रगत हाय त्ये! येरवी तो ध्रुवदीप त्याच्या हातात पेटला असता व्हय?” यावर साळूबाईने सूप आपटले. “मंग त्यानं येवढ्या इहिरी खांदल्या, हाताला घट्टे पडले, त्ये समदं राजाच्या नावावर? आन् आपल्या नाथांचं काय रं? कुनी उकिरड्यातनं निघाला, कुनी मातीच्या बाहुलीतनं. त्यांच्या गडावर नवस बोलताना तू इचारतो का, म्हाराज, तुमचा मामा कोन?” सहादेव म्हणाला, “नाथांची गोष्ट येगळी. ही इमानात बसून उडायची गोष्ट हाय. चंद्रावर मानसं आता गाडी चालवून आली, तिथं काय नाथ चालत्यात?” दोघांचे एवढे जुंपले की मला व्यवस्थापकाचा आवाज काढावा लागला.

माझे मत प्रथम सहादेवच्या बाजूचे होते. जी गोष्ट आहे, तिचे मूळ कुठेतरी असले पाहिजे, या शिस्तीत माझे आयुष्य गेले आहे. परंतु निर्णय देण्यापूर्वी मी तुझी सर्व प्रकरणे क्रमाने वाचली आणि मला एक विसंगती आढळली. ध्रुवदीप केवळ सूर्यकुळाच्या रक्ताला ओळखतो, असे तू राजपुत्राच्या शेवटात लिहितेस. मग पाचव्या प्रकरणात, अलख मूर्च्छित पडला असता, त्याच्या आंधळ्या सोबतिणीने तोच दीप कसा पेटवला? तिने काजळी पुसली, वात सारखी केली आणि वाऱ्याला पाठ देऊन उभी राहिली. तू स्वतःच तसे लिहिले आहेस. तिचे तर कोणतेही कूळ तू दिलेले नाहीस. संपादकांना हे विचार.

आता चित्रांविषयी. तुझ्या कथेतील चित्रे काढणारे गोरक्षनाथ चैत्रात तुझ्यासोबत आपल्याकडे येऊन गेले. त्यांनी अलखच्या हातांचे काढलेले चित्र मला फार आवडले होते. पहार धरणारा अंगठा कसा असतो, ते त्यांना ठाऊक आहे. तुझ्या आईने, आपल्याकडे पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर जे विचारतात, तेच विचारले: गाव कोणते, मामा कुठले, देवक कोणते? ते सरळ म्हणाले, “गाव केडगाव. बाकीचं मलाही माहीत नाही, काकू. बनुबाई कुंभारणीला मी तळ्याकाठी सापडलो, तिनंच वाढवलं.” त्यानंतर चहा कपांतच निवला आणि तू उगाचच बशा मोजत बसलीस. त्यापूर्वी तुझ्या प्रत्येक पत्रात ‘गोरक्ष म्हणतात’ हे शब्द चार ठिकाणी तरी असत. त्या दिवसानंतर एकाही पत्रात ते नाव आले नाही. आला तो थेट अलखच्या कुळाचा प्रश्न. पुष्पा, मी हिशेबातला माणूस आहे. एक रक्कम एका पानावरून नाहीशी होऊन दुसऱ्या पानावर दुसऱ्या नावाने प्रकटली, तर मला ती दिसते.

म्हणून गेल्या आठवड्यात नगरला संघाच्या कामासाठी गेलो, तेव्हा परतण्यापूर्वी केडगावला उतरलो. बनुबाईंचे घर विचारावे लागले नाही. रस्त्यावरून रांजणांची उतरंड दिसत होती. मी रीतीप्रमाणे नाव, हुद्दा आणि येण्याचे कारण सांगितले. कारण सांगताना जरा अडखळलो. बाईंनी चाकावरचा हात काढला नाही. “कूळ बघाय आलाय व्हय? बसा. आदी मी बघती.” आणि माझी उलटतपासणी सुरू झाली. तुझा स्वभाव तापट आहे का? मी म्हणालो, थोडा. “लई का थोडा?” मी म्हणालो, लई. त्या प्रसन्न झाल्या. “बरं हाय. आमचं पोरगं लई गरीब, कुनीतरी भांडाय पायजे. गोष्टी लिवती म्हनं? लिवू द्या. भाकरी गोरक्षाला येत्यात, म्या शिकवल्यात. तुमाला येत्यात का?” मला येत नाहीत, हे मला मान्य करावे लागले. “मंग तुमचं कूळ जरा कच्चं हाय, पावनं,” असे म्हणून त्या इतक्या हसल्या की चाकावरचे मडके वाकडे झाले. मीही हसलो. मडके मात्र त्यांनी मोडून पुन्हा घडवले, आणि ते पहिल्यापेक्षा डौलदार झाले.

निघताना मी देवकाचा विषय काढला, कारण तुझ्या आईचे सारे त्यावर अडले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात देवक बसवल्याशिवाय आपल्याकडे पुढचे पाऊल पडत नाही, आणि ज्याला कूळ नाही, त्याने कोणत्या झाडाची डहाळी आणायची? बनुबाईंनी मला घरामागे नेले. तळ्याच्या उताराला एक जुना उंबर आहे. “हितं घावला. दुपट्यात, मुठी आवळून. त्या दिसापास्नं ह्येच त्याचं देवक.” शेजारी भट्टी होती आणि जळणाचा ढीग. त्यात बाभूळ होती, बोर होती, तुराट्या होत्या; उंबराची एक काटकी नव्हती. उंबर घरामागेच असूनही त्या बाईंनी आजवर त्याची वाळकी फांदीसुद्धा जाळलेली नाही. आपण आपल्या देवकाचे, कळंबाचे, जसे पाळतो, तसेच हे झाले. बुंध्यावर हळदकुंकू होते, आणि ते काही माझ्यासाठी लावलेले नव्हते.

सबब माझे उत्तर. दिवाळी अंकाला दुसरा शेवट दे. अलख कोणाचा मुलगा हे कोणालाही कळू नये. विझलेल्या ताऱ्यांवर दीप लावून तो परत यावा आणि त्याने पुढची विहीर खोदायला घ्यावी. संपादक ऐकत नसतील, तर पाचवे प्रकरण त्यांच्यापुढे ठेव. साळूबाईने हा शेवट ऐकून कानशिलांवर कडाकडा बोटे मोडून अलखची दृष्ट काढली. सहादेव रुसला आहे, पण त्याला लाडू मिळाले की तो निवळेल. लाडू कशाचे, ते आता लिहितो. काल रात्री जेवताना तुझ्या आईला मी उंबराची हकीकत सांगितली. मग तिने रीतीप्रमाणे शहानिशा केली: एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही; आपले देवक कळंब, त्यांचे उंबर; दोन्ही वेगळी, म्हणजे अडचण नाही. भावकी बोलेल. तिला मी उत्तर देईन आणि मी कमी पडलो, तर बनुबाई देतील. तुळशीचे लग्न झाले की मांडव घालू. तू जो प्रश्न विचारलास, त्याचे उत्तर वर दिले आहे. जो विचारला नाहीस, त्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. आज सकाळपासून तुझी आई मला भाकरी थापायला शिकवत आहे. पहिली फाटली, दुसरी करपली. बनुबाई मांडवात येण्यापूर्वी मला एक गोल भाकरी साधली पाहिजे. गोरक्षनाथांना सांग, विहीण फार कडक आहे.

तुझाच,
नाना
(श्रीमंत आप्पासाहेब वराट)
जामखेड, जि. अहमदनगर
रविवार, १२ सप्टेंबर १९७१