चौथ्या खाटेची पट्टी

सोमवार, ४ तारीख
नव्या प्रसूतिगृहातला पहिला दिवस. डॉक्टरकीतून निवृत्त होऊन घरी माशा मारत बसण्यापेक्षा हे किती छान! सहा खाटा, कडक इस्त्रीच्या चादरी, खिडकीशी माझं टेबल. मोठ्या सिस्टर माझ्याच वयाच्या. त्यांचं वळणदार अक्षर पाहून कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर आठवल्या, माझं बोट धरून गिरवून घेणाऱ्या. इथली एक रीत गमतीची आहे. रात्रीच्या धांदलीत घोळ नको, म्हणून बाळांच्या मनगटाच्या पट्ट्या सिस्टर संध्याकाळीच लिहून ठेवतात. खाटेचा नंबर आणि चक्क जन्मवेळही. बाळं तुम्हाला विचारून येतात का, म्हटलं. त्या हसून पुढची पट्टी लिहू लागल्या.

गुरुवार, ७
बारा बाळंतपणं झाली. अकरांची वेळ मिनिटाला मिनिट जुळली. बाराव्याची पट्टी कोरी होती. विसरल्या असतील, असं वाटलं. ते बाळ रडलंच नाही.
उद्या माझी भाची येतेय. ताई गेल्यावर मीच वाढवलेली. आठ वर्षांनी दिवस गेलेत. मावशी, बाळाला पहिलं तूच घ्यायचंस, असं बजावलंय तिने.

शुक्रवार, ८. रात्री नऊ
सहाही जणींना एकदम कळा. पाणी प्यायलाही उसंत नाही. भाची चौथ्या खाटेवर. तिची पट्टी कोरी.
सिस्टरना विनवलं. म्हणाल्या, मी कुठे लिहिते, हात लिहितो.

सव्वाबारा
भाचीच्या बाळाचे ठोके मंदावताहेत. मी पेन हिसकावून घेतलं. १२.४० लिहिलं. सिस्टरनी डोळे मिटले.

पावणेएक
मुलगी. बरोबर १२.४०. काय रडली माझी बाय ती!

एक
दुसऱ्या खाटेच्या पट्टीवर १२.५५ होतं. मी वाचलं होतं. आता कोरी. बाळ निळं—
सिस्टर म्हणाल्या, "एक लिहिलीत की एक पुसली जाते, डॉक्टर. आता तुमचा हात." उरलेल्या चौघींच्या स्वतः लिहिलेल्या पट्ट्या फाडून, कोऱ्या माझ्यापुढे ठेवून निघून गेल्या.

दोन
हात आपोआप चालतो. पहिली, २.१०. तिसरी, २.३५. पाचवी, ३.०५. सहावीपाशी थांबला.
त्या खाटेवरची पोर एकटीच आलीय. माझा पदर सोडत नाही. म्हणते, "बाई, माझं नीट होईल ना?"
नाही कसं म्हणू— लिहिलं. २.५०—
पलीकडून भाची हाक मारतेय. मावशी, बघ गं, बाळाच्या पट्टीवरचं अक्षर पुसट का—