आईच्या वेलाच्या बाटल्या

दादा,

बाबांना हॉस्पिटलमध्ये घेऊन चाललेय. ताप उतरला म्हणून आपण निर्धास्त झालो, तिथेच चुकलं. डेंग्यूत ताप उतरल्यावरच जास्त जपायचं असतं म्हणे. सकाळपासून त्यांचं पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, आणि आता हिरड्यांतून रक्त आलंय. काल तू दिलेली अंगदुखीची गोळी यात चालत नाही. तिचं पाकीट घेऊन ये, डॉक्टरांना दाखवायचंय.

पण निघण्याआधी खिडकीतल्या आईच्या वेलाच्या बाटल्या रिकाम्या कर. ती गेल्यापासून तू ते पाणी कुणाला बदलू दिलं नाहीस. त्यात डासांच्या अळ्या वळवळतायत. बाटल्या आतून घासून काढ, अंडी काचेला चिकटून राहतात. वेल मातीत लाव, जगेल.

चिडू नकोस. मी ओतायला गेले होते, माझाही हात धजावला नाही.

– धाकटी