पावडर लावलेलं कोकरू

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय पूनम,

'प्रिय' लिहिताना हात जरा थांबला, पण लिहिलंय ते खरं आहे, म्हणून खोडत नाही. फोनवर मी तुझ्याशी गोड गोड बोलते आणि फोन ठेवल्यावर भांडी आपटते. दिग्विजय बिचारा भांड्यांच्या आवाजावरून ओळखतो की पुण्याचा फोन येऊन गेला. म्हणून या वेळी पत्र. इथे गोड बोलायची सक्ती नाही.

आधी तुझ्या आईची खबर. चिमाकाकूंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, दुसऱ्याचा पुढच्या महिन्यात. हिरवी पट्टी लावून त्या दिवसभर माझ्या ओट्याजवळच्या खुर्चीत बसलेल्या असतात. कडक भाकरी दुधात कुस्करून खातात आणि म्हणतात, "रेशमे, तुज्या हाताला लई चव हाय बग." पुण्यात त्यांना करमत नाही, तुझ्या फ्लॅटमध्ये बोलायला माणूस न्हाय म्हणतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुझी आई माझ्या घरात सुखाने राहते याचा तुला हेवा वाटावा, अशी माझी फार इच्छा आहे. निदान थोडी तरी फिटंफाट होईल.

कारण मी तुझ्यावर जळते, पूनम. आज नाही, वीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात पेपरात तुझा फोटो आला, 'सांगोल्याच्या माळावरून दीर्घिकांच्या गावा' असं काहीतरी वर लिहून. गावाच्या ग्रुपवर ज्याने त्याने तो टाकला. मीही खाली अंगठा दिला आणि नववीला प्रकाशाचं परावर्तन शिकवायला गेले. तुझा शोधनिबंध मी नेटवरून उतरवून दोनदा वाचला. त्यातले काही परिच्छेद कळले नाहीत याचा राग आला, आणि जे कळलं ते सुंदर होतं याचा त्याहून जास्त आला. एम.एस्सी.ला आपण एका बाकावर बसायचो आणि गणितं आधी माझी सुटायची, हे तू विसरली नसशील. पीएच.डी.साठीच्या पुण्याच्या मुलाखतीला तू गेलीस, मी गेले नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. दिग्विजयचं स्थळ आलं होतं, तो मला आवडला होता, अजून आवडतो. सासूने छळलं असतं तर निदान लोकांना सांगायला एक गोष्ट असती. पण रंभाबाईंनी माझं बाळंतपण सख्ख्या आईसारखं केलं. दोष द्यायला समोर कोणी उभंच नाही, ही माझी खरी पंचाईत आहे.

तेही मी पचवलं होतं. पदव्या तू ने, दुर्बिणी तू ने, पेपरातला फोटो तू ने. माझ्या पोरीला कशाला हात लावलास?

बारावीची परीक्षा झाली म्हणून मी रंभाला महिनाभर तुझ्याकडे पाठवलं. पाठवली ती माझी मुलगी होती. आली ती अर्धी तुझी. सासूबाईंचं नाव तिला ठेवलं म्हणून ती जन्मभर माझ्यावर रुसलेली. वह्यांवर नुसतं 'आर.' लिहायची. आता पूर्ण नाव लिहिते, ठसठशीत, कारण 'पूनममावशी म्हणाली, असं नाव शंभरात एकीचं नसतं.' हेच मी तिला तिसरीपासून सांगत होते. वाक्याच्या शेवटी 'बरोबर ना?' म्हणायला लागली आहे, ते तुझं. चहात साखर कमी, ते तुझं. आणि आता तू फोनवर विचारलंस, 'पदवीची तीन वर्षं तिला माझ्याकडेच राहू देशील का?' मी 'बघू' म्हणाले, आणि त्या दिवशी कढई पार वाकडी झाली.

आल्या दिवशीच ती मला तुझं संशोधन समजवायला लागली. मी भाकऱ्या थापत होते. म्हणे, आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका एकेकट्या राहत नाहीत, त्यांचेही शेकड्यांनी पुंज असतात. पुंजाच्या पोटात तापलेला विरळ वायू भरलेला असतो. बाहेरून एखादी दीर्घिका जोरात आत ओढली जाते, तेव्हा तिच्या अंगावरचा थंड वायू मागे सांडत जातो, आणि तो सरला की तिच्यात नवे तारे जन्मत नाहीत. एवढं सांगून तिने परातीत हात बुचकळला आणि पिठाचा पंजा टेबलफॅनसमोर धरला. पीठ माझ्या केसांत, चिमाकाकूंच्या पट्टीवर, चहात. मी ओरडले तर म्हणाली, "मावशीनं पावडर घेऊन दाखवलं होतं, घरात पावडर सापडेना म्हणून पीठ घेतलं." हे मला तुझा निबंध वाचून आधीच कळलेलं होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना असं वाटलं की कोणीतरी माझ्याच घरात येऊन मला पाणी विचारतंय.

पावडरीचं नाव निघालं आणि चिमाकाकू खुर्चीत हसू लागल्या. त्यांना जे आठवलं तेच मलाही आठवलं. आपण दुसरीत असू. तुमच्या मेंढरांत पहिलटकरीण मेंढी व्याली होती आणि तुला त्या कोकराचा वास आवडला नाही. तुझ्या मामाने सोलापूरहून आणलेला पावडरीचा डबा तू त्याच्या अंगावर रिकामा केलास. पांढरंशुभ्र कोकरू घेऊन आपण दोघी ऐटीत मेंढीपुढे गेलो, तर तिने त्याला हुंगलं आणि अशी ढुशी मारली की ते कुंपणाच्या जाळीवर जाऊन पडलं. पुन्हा पुन्हा जवळ गेलं, पुन्हा पुन्हा ढकललं. तू ऊर फुटेस्तोवर रडत होतीस. काकूंनी तुला एक रट्टा दिला, कोकराला ओल्या फडक्याने पुसलं, मेंढीचंच दूध पिळून त्याच्या पाठीला चोळलं, वर मीठ लावलं. मग मेंढीची मान काखेत धरून बसल्या. "वास गेला की आय परकी व्हती," असं काहीतरी म्हणत होत्या. दिवस कलला तेव्हा मेंढीने ते मीठ चाटलं आणि कोकराला पाजलं.

पीठ पुसून झालं तशी रंभा मागून येऊन माझ्या गळ्यात पडली. महिन्यानं आली होती, लाडात होती. तिच्या केसांना तुझ्या घरच्या शाम्पूचा वास होता, मानेला तुझ्या त्याच थंडगार पावडरीचा. माझ्या पोरीला लहानपणापासून खोबरेल तेलाचा आणि आमच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येतो. मी कोपराने तिला बाजूला सारलं. 'भाकरी करपतीय, लांब हो,' म्हणाले. भाकरी करपत नव्हती, पूनम. तव्यावर भाकरीच नव्हती. ती आत गेली आणि त्यानंतर आठवडाभर घरात पुण्याचं नाव निघालं नाही. तू विचारलेलं तिला माहीत होतं, पण तिने ते माझ्यापुढे एकदाही काढलं नाही. हट्ट केला असता तर मी ठणकावून नाही म्हणणार होते. सगळं पाठ करून ठेवलं होतं, तुझ्याच निबंधातला दाखला देऊन: पुंजात ओढली जाणारी आपलं सगळं गमावते.

काकूंना त्या दिवशी एकाच डोळ्याने दिसत होतं, तेवढं पुरलं. पोर आत गेल्यावर त्या सावकाश म्हणाल्या, "पोरीला पावडर लागली व्हय गं?" मग भाकरी मागितली. मी वाढली आणि मोरीत जाऊन रडले. तुझ्यावरचा राग त्यात होताच, तो गेलाय असं समजू नकोस.

आता हे पत्र का, ते. तुला ते पोस्टाने आलेलं नाही. रंभाच्या वळकटीत जी गोधडी आहे, तिच्या घडीत ते तुला मिळालं असेल. म्हणजे पोर हुतात्मा एक्स्प्रेसने येऊन तुझ्या दारात उभी आहे आणि मी इथे एखादं भांडं आपटते आहे. परवा मीच तिला म्हणाले, जा. तीन वर्षं तुझ्याकडे राहू दे. माझी जी गणितं अर्धी राहिली ती तिला पुरी करायला लावू नकोस, तिची तिला सापडतील. तुझा शाम्पू वापरू दे, साखर कमी घेऊ दे, तुझ्यासारखी बोलू दे, मी जळत राहीन, त्याची मला सवय आहे. एकच मागणं. ती गोधडी माझ्या जुन्या लुगड्यांची आहे, काल रात्री मी तीच पांघरून निजले होते. तुला स्वच्छतेचा सोस फार, म्हणून आधीच सांगते: ती मशीनमध्ये घालू नकोस. कितीही मळली तरी राहू दे. दिवाळीला पोर घरी येईल आणि मागून गळ्यात पडेल, तेव्हा मला तिला ढकलायचं नाही.

तुझीच,
अजूनही जळणारी,
रेश्मा