घड्याळाला पाय दिसत नाहीत

प्रिय संस्कृती,

गुढीपाडव्याला तू तडकाफडकी फोन ठेवलास, त्याला आठवडा झाला. आईशी तेवढं बोलतेस, माझा फोन आला की उचलत नाहीस. तू म्हणालीस, नाना रोज चालतो म्हणून सांगतात आणि घड्याळ म्हणतं ते घरात बसून असतात. असा खोटारडा बाप मागं ठेवून मी वर्षभर जर्मनीला जाणार नाही, कंपनीला नकार कळवते. खोटारडा हा शब्द मला लई लागला. पण बाई, माझ्यापायी तुझं जाणं मोडलं तर मला घास गोड लागायचा नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. मधेच रागावू नको, शेवटपर्यंत वाच.

दिवाळीत तू माझ्या डाव्या मनगटावर ते घड्याळ बांधलंस तेव्हा मी गल्लीभर मिरवलं. शुगर निघाल्यापासून तुझा माझ्यावर भरवसा नाही हे मला ठाऊक होतं. माझी पावलं तुला पुण्यात बसून मोबाईलवर दिसणार, म्हणजे माझ्यामागं पोलीसच लावलास की तू! तरी गारखेड्याच्या क्रीडा संकुलात रोज सकाळी चकरा मारायला लागलो. संध्याकाळी तुझा शाबासकीचा अंगठा यायचा. तो मी तुझ्या आईला दाखवायचो आणि ती म्हणायची, लेकीनं अंगठा दाखवला तरी खूश होणारा हा पहिलाच बाप.

पण त्या घड्याळाचा न्याय काय मला कळेना. भोगीला पाहुणे आले तेव्हा मी ते हौसेनं तुझ्या आईच्या हातात घातलं. तिनं बाजरीच्या भाकरी थापल्या, आणि ते लागलं मनगटावर गुरगुरायला, तुमचा व्यायाम झाला, अभिनंदन! ती चुलीपासून एक पाऊल हलली नव्हती. लासूर स्टेशनला कडुबाकाकाकडं मोटारसायकलीवर गेलो, तर रस्त्यातल्या खड्ड्यांचीसुद्धा त्यानं पावलं धरली. आणि तिथं काकासोबत कांद्याच्या गोण्या ट्रॉलीत चढवून कंबरडं मोडलं, त्याचं काहीच नाही. बसून जाणाऱ्याला शाबासकी अन् राबणाऱ्याला भोपळा! मी फोनवर तुझ्याशी भांडलो, तेव्हा तू हसत हसत समजावलंस की घड्याळाला पाय दिसत नाहीत, त्याला फक्त मनगट कळतं. हात ठेक्यात मागंपुढं झाला की ते त्याला चालणं म्हणतं, आणि हात गोणीला धरून असला की त्याच्या लेखी माणूस निवांत बसलेला.

त्यानंतर माझाच आकडा घसरायला लागला. मी चालत होतो पहिल्याएवढंच, पण घड्याळात निम्मंसुद्धा उमटेना. तू रागवायला लागलीस. तुझी आई साक्षीला उभी राहिली, तर तू म्हणालीस, आई तुमचीच बाजू घेणार. अगं, लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं माझी बाजू घेतल्याचा एक तरी प्रसंग मला सांग!

तू फोन ठेवलास त्यानंतर मी पैठण गेटला एका दुकानात घड्याळ दाखवलं. दुकानदारानं ते स्वतःच्या हातात घालून रस्त्यावर चक्कर मारली आणि परत दिलं, म्हणाला, चाचा, घडी में कुछ नुक्स नहीं. दुसऱ्या दिवशी संकुलात मी ते उजव्या हातात घातलं. पावलं बरोबर भरली. डाव्यात घातलं, पुन्हा घसरली. मला वाटलं पट्टा ढिला असेल, म्हणून चांगला आवळला. सोबत आलेली तुझी आई गुडघ्यामुळं जरा मागं राहिली होती. तिनं मागून हाक मारली की, अहो, डावा हात खिशात घालून काय चालताय, मोकळा सोडा की. संस्कृती, माझा हात खिशात नव्हता.

मग एकेक ध्यानात यायला लागलं. शर्टाची बटणं लावायला मला उशीर व्हायचा आणि त्यावरून आईची बोलणी खायचो. डावा खांदा आखडायचा, तर वय झालं म्हणून रोज तेल चोळायचो. शेवटी नसांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी मला दवाखान्याच्या बोळात चालायला लावलं, बोटं भराभर उघडमीट करायला लावली आणि विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं. मी म्हणलं, लेकीनं बांधलेल्या घड्याळानं. ते हसले, आणि मग खुर्ची जवळ ओढून सांगायला लागले. कंपवाताची सुरुवात आहे. हात अजून थरथरत नाही, फक्त चालताना झुलायचं विसरलाय. हे दुखणं मुळासकट जात नाही, पण गोळ्यांनी आणि व्यायामानं बरीच वर्षं नीट काढता येतात म्हणाले. गोळ्या चालू केल्यात. चालणं वाढवा म्हणून सांगितलंय, म्हणजे शेवटी तुझंच खरं झालं.

तुझी आई म्हणते, हे तू विमानात बसल्यावर सांगायचं. ती घाबरलीय बिचारी. मला काय ते पटलं नाही. तू मला खोटारडा म्हणालीस ते चूक होतं. आता लपवलं तर ते बरोबर ठरंल. आणि तू जिवाला लावून घेऊ नको. तू एवढी कटकट केली नसतीस तर मी आणखी वर्षभर तेलच चोळत बसलो असतो. तुझ्यामुळं लवकर सापडलं, माय. मला तुझा राग नाही, लई अभिमान आहे. आता माझं एक ऐक. जर्मनीला जायचंच. मी चालणं सोडणार नाही, तू जाणं सोडू नको. निघायच्या आधी चार दिवस घरी ये, आपण दोघं संकुलात चकरा मारू आणि ते घड्याळ घरी ठेवू.

फोनवर सांगितलं असतं तर मागून तुझ्या आईचं रडणं ऐकू आलं असतं, आणि तू उभ्या उभ्या कंपनीला नकार कळवला असतास. म्हणून लिहायला बसलो. दुसरंही कारण आहे. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात पुढं कधी कधी अक्षर बारीक होत जातं, सही जुळेनाशी होते. आज माझा उजवा हात धडधाकट आहे, बघ कसं ठसठशीत अक्षर येतंय. आठवीत तू प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकली होतीस, इतकी हुबेहूब की बाईंचं सोड, मलासुद्धा ओळखू आली नव्हती, आणि मी तुला केवढा रागावलो होतो! आता खाली पुरती सही करतोय. नीट गिरवून ठेव माय, पुढं लागंल.

तुझाच,
नाना
(सोमनाथ सांडू काळे)