पुन्हा लिहून पाठवावे

४ फेब्रुवारी
शब्दकोशाच्या खोलीत आज माझ्या टेबलावर नवा शब्द आला. सिन. रोमन लिपीतली तीन अक्षरं — एस, आय, एन — आणि युरोपातल्या चार भाषांत चार अर्थ. संपादक म्हणाले, "छोटा शब्द आहे, आठवड्यात हातावेगळा करा." छोटा! आजवर घाम काढलाय तो छोट्या शब्दांनीच.

५ फेब्रुवारी
इंग्रजी: पाप. मूळ बहुधा 'असणे' याच अर्थाच्या धातूत. ज्याच्याकडे बोट दाखवलं तोच खरोखर तो 'आहे', म्हणजे दोषी आहे. आपला 'सत्' त्याच कुळातला. सत् आणि पाप एकाच घरातले निघाले म्हटल्यावर टंकलेखक बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

६ फेब्रुवारी
स्पॅनिश: वाचून, शिवाय. लॅटिन 'सिने'वरून. कोशासाठी या अर्थाचं कार्ड दहा मिनिटांत लिहून झालं.
घरी ही दोनच ताटं घेते. चार वर्षांत सवय व्हायला हवी होती.

८ फेब्रुवारी
क्रोएशियन: मुलगा. संस्कृतातल्या 'सूनु'चा भाऊबंद. कार्डावर 'मुलगा' लिहिलं आणि पुढे हात चालेना.
चिरंजीव भांडून घर सोडून गेले. कॉलेज सोडतो म्हणाले तेव्हा मी म्हणालो होतो, "शिकायचं नसेल तर या घरात तुझं काय काम?" उत्तरादाखल त्याने बॅग भरली. हिला वाटतं, त्यानंतर त्याने एक ओळही लिहिली नाही.
लिहिली होती.

९ फेब्रुवारी
इथे तरी खरं लिहावं.
तीन वर्षांपूर्वी त्याचं पत्र आलं, चार पानी. ही तेव्हा बहिणीकडे गेली होती. मी वाचायला बसलो आणि हात लाल पेनाकडे गेला. आमच्या खोलीत तीस वर्षं हेच चालतं. बाहेरून आलेला कागद तपासायचा, चुकांवर लाल खुणा करायच्या, खाली 'पुन्हा लिहून पाठवावे' असं लिहायचं आणि परत टपालात टाकायचा. मी तेच केलं. सतरा चुका निघाल्या. तिसऱ्या पानावर "बाबा, तुमची आठवण येते" असं वाक्य होतं. ते पहिल्या पानावर एकदा येऊन गेलेलं. म्हणून तिसऱ्या पानावरच्यावर रेघ मारली आणि समासात लिहिलं — पुनरुक्ती, गाळावे.
टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला तेव्हा भानावर आलो. सवय, सवय म्हणतो मी. राग होता. सवयीच्या आडून राग काढला.
नंतर पत्र आलं नाही. हिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

११ फेब्रुवारी
काही लिहावंसं वाटत नाही.

१२ फेब्रुवारी
स्वीडिश: आपला, स्वतःचा. आपल्या 'स्व'शी नातं. संपादकांनी चारही कार्डांच्या कोपऱ्यात सही केली आणि विचारलं, "यांचं आपसात काही नातं?" म्हटलं, "काही नाही, साहेब. चार वेगळी घरं, योगायोगाने दारावर पाटी एकच." अगदी बरोबर सांगितलं. तरी घरी येईपर्यंत खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं.
पाप. वाचून. मुलगा. आपला. चार कार्डं माझ्याच अक्षरात.

१४ फेब्रुवारी
ही म्हणाली, "जेवणात लक्ष नाही तुमचं. काही सांगायचंय का?"
म्हटलं, "कोशाचं काम."
हा प्रश्न ती वर्षातून दोन-तीनदा तरी विचारते. माझं उत्तर ठरलेलं. भित्रा आहे मी. बाकी कशाला काय नाव द्यायचं ते ठरवण्याचा पगार घेतो!

१५ फेब्रुवारी
सांगितलं. सगळं, लाल पेनासकट.
ही तिच्या शिवणाच्या दुकानातून आणलेल्या झग्याची बाही टाचत होती. वर न बघता म्हणाली, "उघडलंत एकदाचं तोंड." मला वाटलं, आता रडेल, नाहीतर बहिणीकडे निघून जाईल. ती उठली आणि कपाटातल्या कापडांखालून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं.
"त्याने पुन्हा लिहून पाठवलं होतं. पंधरा दिवसांत, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर. म्हणाला, बाबांनी आपणहून विषय काढला तरच दे."
"आणि नंतर?"
"नंतरची पत्रं माझी आहेत."
तीन वर्षं ती वाट बघत होती आणि मी कोशाचं काम सांगत होतो. पाकीट उघडायचा धीर झाला नाही.

१६ फेब्रुवारी
सकाळी वाचलं. स्वच्छ अक्षर. सतराच्या सतरा चुका दुरुस्त. तिसऱ्या पानावर ते वाक्य नाही.
पहिल्या पानावरही नाही. मी एकच गाळायला सांगितलं होतं.