बरोबरीच्या भागीदारीचा माझा मसुदा

४ ऑगस्ट, सकाळी
आजवर विद्यापीठांनी शाळांचा केवळ वापर केला. यायचे, प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, निघून जायचे. हे मी बदलणार. शाळेशी बरोबरीच्या भागीदारीचा मसुदा काल एकट्यानेच पूर्ण केला. शाळेला विचारत बसलो नाही. शिक्षकांना आधीच कामे फार.
विभागप्रमुख म्हणतात, महिनाअखेरपर्यंत शाळेचा होकार आणा, नाहीतर प्रकल्प शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्याकडे जाईल. काळजी नाही. मुख्याध्यापिका म्हणजे ताई, माझी थोरली मेहुणी.

६ ऑगस्ट
पहिली बैठक. खुर्च्या गोलात मांडल्या. कोणी वरचढ नको. मी मात्र दारापाशी उभा राहिलो, सर्वांकडे सारखे पाहता यावे म्हणून. समानतेची तत्त्वे क्रमाने समजावली. मूलभूत नियमही सांगितला: ज्याचा अभ्यास चालू आहे त्याने निष्कर्ष विचारू नयेत, वागणे बदलते. घंटा झाली तरी कोणी हलले नाही.
बायकोच्या मते मी वाट अडवली होती. ताईंचा फोन आला असणार.

११ ऑगस्ट
ताईंनी विचारले, संशोधनाचा प्रश्न आम्हीही निवडायचा ना? अर्थातच, म्हणालो. सोयीसाठी माझा प्रश्न छापून नेला होता. त्यांनी खोडला. उत्साह असावा तर असा.
संकल्प: बैठकीत कमी बोलायचे. त्यामागची भूमिका शिक्षकांना सविस्तर सांगितली.

१८ ऑगस्ट
होकार मिळाला. शिक्षकांनी निवडलेला प्रश्न: विद्यापीठातले सर बोलत असताना ऐकणारे नेमके काय करतात? विषय व्यापक आहे. कोणते सर, हे विचारण्याची गरज भासली नाही. शेजारच्या केबिनवरून जाताना शीळ घातली.

२५ ऑगस्ट
शाळेतल्या गणिताच्या बाई आणि चित्रकलेचे सर विद्यापीठात माझ्या तासाला, मागच्या बाकावर. मी खुललो. विद्यार्थी विलक्षण शांत. चित्रकलेच्या सरांनी रेखाटनेही केली. एक ओझरते दिसले. त्यात मी नव्हतो. नुसती बाके होती, आणि बाकांवर टेकलेली डोकी.

२९ ऑगस्ट
प्रमुख म्हणाले, ज्याचा अभ्यास चालू आहे तोच संशोधक कसा असेल? प्रकल्प शेजारच्या केबिनकडे. तात्पुरताच असणार. पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे बरोबर आहे. मीच तसे शिकवतो.

३१ ऑगस्ट, रविवार, दुपारी
ताई जेवायला आल्या. मी सहज विचारल्यासारखे विचारले, निष्कर्ष काय निघाले?
"भावोजी, नियम तुमचाच. ज्याचा अभ्यास, त्यानं विचारायचं नाही."
मी भागीदार आहे, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, आहातच की, अगदी बरोबरीचे. तेव्हा भागीदारी ही संकल्पना मी पहिल्यापासून समजावू लागलो. बायकोने घड्याळाकडे पाहिले, एका चिठोऱ्यावर काहीतरी टिपले आणि ते ताईंकडे सरकवले.
मी गप्प झालो.
"अहो, थांबू नका," बायको म्हणाली. "नेहमीसारखं चालू द्या."