थोरला आणि तुझी काकू

डोंबिवली पूर्व,
रविवार दुपार

चि. क्षिप्रा हिस कुंडलिककाकाचे (दुखऱ्या कोपरासह) अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझी नोकरी आणि घरमालकाशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. माझी साखर आटोक्यात आहे. (दहा दिवसांत घरात गोड काही शिजलेलं नाही. तिखटही नाही. कारण पुढे येईल.) पत्र हाताने लिहितोय, तेही कंपनीत अडतीस वर्षं फक्त गेटपासवर सह्या केलेल्या हाताने, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तर, तुझा थोरला. दिवाळीत तू स्वतः घडवलेला हा फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरमध्ये घालून दिलास आणि मी पाहताक्षणी भाळलो. काय ती ऐट! खांबासारखे जाड काने, वळणं मात्र केसाएवढी बारीक, प्रत्येक अक्षर खाली पाय रोवून उभं आणि वर पाटासारखी रुंद शिरोरेघ. तू बजावलंही होतंस की काका, हे अक्षर मथळ्याचं, मोठ्या आकारात दोन-चार शब्दांपुरतं. दिसेल तिथे वापरत सुटू नका. मी मान डोलावली. (आपल्या घराण्यात मान डोलावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, तुझ्या बाबांना विचार.)

पहिला हात मी तुझ्या काकूच्या पोळी-भाजी केंद्रावर मारला. तिथे अकरा वर्षं एक काळी फळी होती. काकू रोज सकाळी तिच्यावर खडूने भाज्या लिहायची आणि एखादी संपली की ओल्या फडक्याने पुसायची. मला ते फारच साधं वाटलं. फळी गुपचूप भंगारवाल्याला दिली (काकूला सांगितलं, माळ्यावर ठेवलीय) आणि काकूच्या नावाने 'मालन पोळी-भाजी केंद्र' अशी पत्र्यातून कापलेली दोन-दोन फुटी थोरली अक्षरं दारावर चढवली. लोक थांबून वाचू लागले. कबुतरंही थांबू लागली. तुझी शिरोरेघ पत्र्यात चार बोटं रुंद होते गं, कबुतराला आणखी काय हवं? 'मालन'वर सात बसायची, 'पोळी-भाजी'वर तेरा. भर मार्चमध्ये गिऱ्हाईक छत्री उघडून रांगेत उभं राहू लागलं.

एवढ्यावर शहाण्या माणसाने थांबावं. मी सोळा भाज्यांची यादी पत्त्याएवढ्या कार्डावर छापून आणली, तीही थोरल्यात. एवढ्याशा आकारात अक्षरांच्या पोटातल्या सगळ्या मोकळ्या जागा शाईने भरल्या आणि सोळाही भाज्या काजळाच्या डागांसारख्या दिसू लागल्या. माणसं डागावर बोट ठेवायची आणि नशिबात असेल ती भाजी घेऊन जायची. शेजारचा झेरॉक्सवाला धम्मपाल, इतका गरीब माणूस, पण सलग चार दिवस कारलं खाऊन पाचव्या दिवशी काकूशी भांडला.

मग गेल्या बुधवारच्या आदल्या बुधवारी गॅस संपला. मी दारावर कागद लावला, 'आज केंद्र बंद', थोरल्यात, कागदभर, भोवती काळी चौकट (चौकट माझी कल्पना) आणि दूध आणायला गेलो. परत येतो तर तेरा-चौदा माणसं चपला काढून आत उभी. काकू डोळ्यांसमोर कणीक मळत होती, म्हणजे ती शाबूत; तेव्हा गेलेला मीच, असा सर्वांनी हिशोब लावलेला. धम्मपालने हार आणला होता. मला पाहून तो बिचारा ओशाळला आणि हार त्याने माझ्याच हातात दिला. काकू म्हणाली, "माझी फळी काढा आधी माळ्यावरून. मी लिहिते, गॅस संपलाय म्हणून." तेव्हा मला खरं सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात धुतले, तवा आणि लाटणं पिशवीत घातलं आणि माजिवड्याला बहिणीकडे, जयाकडे, निघून गेली.

तेव्हापासून केंद्र बंद आहे. गिऱ्हाइकं मला रस्त्यात अडवतात, मी बिस्किटांवर जगतो आणि घर खायला उठतं. मी माफी मागितली नाही असं समजू नकोस. 'मालन, चुकलो. परत ये.' असं छापून जयाच्या दाराला चिकटवून आलो. वॉचमनला वाटलं महापालिकेची नोटीस. सोसायटीने संध्याकाळी तातडीची सभा बोलावली. काकूने निरोप पाठवला की ही माफी नाही, दवंडी आहे.

असो. बाकी सर्व क्षेम. स्वतःला जप, घरमालकाला सोडू नकोस.

तुझा,
कुंडलिककाका

ता. क. जयाच्या कैरीच्या लोणच्याची बरणी तुझ्यासाठी मागणार होतो. सध्या मागत नाही.

ता. क. २. खरं काम हे. मी चुकलो गं. ती फळी द्यायला नको होती. काकूचं अक्षर मला आवडायचं, त्यातलं 'भेंडी' तर फारच, पण अकरा वर्षांत कधी बोललो नाही. हे थोरल्यात लिहून पाहिलं, प्रत्येक वेळी धमकी वाटते. तेव्हा एखादं बारीकसं, मान खाली घातलेलं अक्षर घडवून पाठव.

ता. क. ३. क्षिप्रा, मी मालनकाकू. पोळपाट न्यायला आलेले, हे घोरतायत आणि पत्र टेबलावर उघडं. तू नवीन अक्षर घडवत बसू नकोस. वरच्या 'मी चुकलो'चा मी मोबाइलवर फोटो काढलाय आणि आता शीळफाट्याच्या पाटीवाल्याकडे चाललेय. यांच्याच अक्षरात, पत्र्यातून, तीन फुटी. केंद्रावर लावणार. मंगळवारपासून पोळ्या सुरू. कबुतरं बसली तर बसू देत.